होम फोल्डरांना ७७७ दिलं, आता पगारपत्रक सगळ्यांना दिसतंय. मदत हवी (सर्व्हर, परवानग्या)

सुरसागरकाठ | १७ जानेवारी, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या नाहीतर बडोद्याच्या आठवणींच्या धाग्यांवर सापडते. आज तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदाच येतेय, तेही रडत.

दांडिया बाजारात आमचं आर्किटेक्टचं ऑफिस आहे, माणसं १४. मी मुळात हिशेब आणि पत्रव्यवहार बघते. पण "तुम्हाला कॉम्प्युटरचं कळतं" एवढ्या भांडवलावर दहा वर्षांपूर्वी सर्व्हरच्या खोलीची किल्लीही माझ्याच गळ्यात पडली. जुना सर्व्हर सेंटओएस ६ वर होता. त्यावर प्रत्येकाचा एक होम फोल्डर, विंडोजच्या मशीनना सांबामधून आणि रेंडरिंगच्या तीन लिनक्स मशीनना एनएफएसमधून मिळायचा (दोन्ही नेटवर्कवरून फोल्डर वाटणाऱ्या सेवा). तो म्हातारा झाला होता, म्हणून नवं मशीन घेतलं आणि त्यावर उबुंटू २२.०४ टाकलं.

उत्तरायण आणि वासी उत्तरायण असे दोन दिवस ऑफिस बंद. गच्च्यांवर "काप्यो छे"च्या आरोळ्या चाललेल्या आणि मी खाली. जुनी डिस्क नव्या मशीनला लावली, 'सीपी'ला 'ए' लावून सगळं /होम कॉपी केलं. मग एकेकाचं खातं उघडलं. 'होम फोल्डर आधीच आहे' असं काहीतरी दरवेळी येत होतं. मी एंटर मारत गेले.

१६ तारखेला सकाळी पहिलाच फोन, "बेन, मारुं फोल्डर खूलतुं नथी." अर्ध्या तासात आणखी नऊ. नेटवर शोधलं, एका ठिकाणी लिहिलं होतं की चमोड ७७७ मारा, कॅपिटल आर लावून, म्हणजे आतल्या सगळ्यासकट सगळ्यांना सगळ्या परवानग्या. मारलं. सगळ्यांचं उघडलं. मी उरलेला उंधियो गरम करून जेवले.

दुपारी आमचा ट्रेनी मुलगा जवळ येऊन हळूच म्हणतो, "ताई, मला खरंच मार्चपासून वाढ आहे का?"

माझ्या घरातलं, म्हणजे होममधलं, पगारपत्रक त्याने रेंडरिंगच्या मशीनवर उघडलं होतं.

शिवाय माझं की (पासवर्डऐवजी किल्लीची फाइल) वापरून होणारं एसएसएच लॉगिन, म्हणजे दुरून सर्व्हरवर शिरण्याची सोय, बंद पडलंय. कोणी दुसऱ्याच्या फाइलीत बदल करून सेव्ह केलं की ती फाइल मूळ मालकालाच फक्त वाचता येते. लिनक्स मशीनवर फाइलींचे मालक भलतेच दिसतात, आणि तिथे सुडो करूनही, म्हणजे मुख्य खात्याचे अधिकार घेऊनही, 'परवानगी नाही'. काय करू?

---

जिवाजीगंज | १७ जानेवारी, रात्री १०:५२

मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण उंधियो उरला असेल तर ग्वाल्हेरला पाठवा. बदल्यात गजक. (दिवा घ्या, म्हणजे हलकंच घ्या.) धाग्यावर लक्ष ठेवून आहे, पगारपत्रकाचं पुढे काय झालं ते ऐकायचंय.

---

टर्मिनलबुवा | १७ जानेवारी, रात्री ११:०५

ताई, आधी सांबा आणि एनएफएस दोन्ही सेवा बंद करा. आत्ता, घरून जमत असेल तर आजच. दर तासाला नव्या फाइली पडतायत आणि गुंता वाढतोय. रविवार आहे उद्या, कोणाचं अडणार नाही.

मग तीन गोष्टी सांगा. जुनी डिस्क अजून तशीच आहे ना? /होममध्ये 'एलएस'ला 'एल' आणि 'एन' लावून काय दिसतं? 'एन' महत्त्वाचा, त्याने मालकाच्या नावाऐवजी आकडा दिसतो. आणि जुन्या डिस्कवर हीच आज्ञा काय म्हणते?

(आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच रोमनमध्ये. आणि तिथे चमोड ७७७ चा सल्ला देणाऱ्याला माझ्याकडून एक नारळ.)

---

सुरसागरकाठ | १८ जानेवारी, सकाळी ९:२०

बुवा, ऑफिसात येऊन बसलेय. दोन्ही सेवा बंद केल्या. जुनी डिस्क सुखरूप आहे, तिच्यावर काही लिहिलेलं नाही.

नव्या मशीनवर १५ फोल्डर आहेत, सगळे ७७७. मालकाच्या जागी ५०० ते ५१४ असे आकडे. आतल्या १६ तारखेनंतरच्या फाइलींवर मात्र १००३, १००९ वगैरे. जुन्या डिस्कवरही ५०० ते ५१४. तिथे एक नानांचं ७५५ सोडून बाकी सगळी घरं ७०० आहेत. (नाना आमचे ड्राफ्ट्समन, तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. जुन्या यादीत होते म्हणून त्यांचंही खातं उघडलं.)

आणि नव्या खात्यांचे आकडे १००० ते १०१४. माझं १०००, कारण उबुंटू टाकताना पहिलं नाव माझंच दिलं.

---

टर्मिनलबुवा | १८ जानेवारी, सकाळी १०:१०

सापडलं. हा परवानगीचा घोळ नाहीच, ओळखीचा आहे.

लिनक्स फाइलीवर मालकाचं नाव लिहीतच नाही, आकडा लिहितं. नाव आपल्या सोयीसाठी, पासवर्डच्या यादीत बघून दाखवतं. सेंटओएस ६ माणसांचे आकडे ५०० पासून द्यायचं. सातव्या आवृत्तीपासून ते १००० झालं, आणि उबुंटू १००० पासूनच देतं. तुम्ही 'ए' लावून कॉपी केलंत म्हणजे आकडे जसेच्या तसे आले. ५०४ चं घर आलं, पण नव्या गावात ५०४ नावाचं कोणी राहतच नाही. ज्याचं घर तो आता १००७ झालाय आणि दाराला ७०० चं, म्हणजे फक्त मालकाने उघडायचं, कुलूप. उघडणार कसं? आणि खातं उघडताना जी सूचना एंटर मारून घालवलीत ती बहुधा हीच होती, की हा फोल्डर या माणसाच्या मालकीचा नाही.

७७७ ने कुलूप फोडलं, मालक बदलला नाही. वर तुम्ही ते /होमलाच मारलंत, म्हणजे आतल्या घरांबरोबर खुद्द /होमही सगळ्यांना लिहायला मोकळं झालं. लिनक्समध्ये फाइल पुसण्याचा हक्क त्या फाइलीवर नसतो, ती ज्या फोल्डरात पडलीय त्या फोल्डरावर असतो. गेले दोन दिवस कोणीही कोणाच्याही घराचं नाव बदलू शकत होतं. एसएसएच रुसलं तेही याचमुळे. होम फोल्डर इतरांना लिहिण्याजोगा दिसला की ते कीवर विश्वास ठेवत नाही आणि कारणही धड सांगत नाही, फक्त पासवर्ड मागतं.

---

अल्पमती | १८ जानेवारी, सकाळी १०:३१

बुवा, एक बाळबोध शंका. सगळं ७७७ आहे, तर मग दुसऱ्याने सेव्ह केलेली फाइल मूळ मालकाला फक्त वाचता येते, हे कसं काय? ७७७ म्हणजे सगळ्यांना सगळं ना?

---

टर्मिनलबुवा | १८ जानेवारी, सकाळी १०:५८

बाळबोध नाही, चांगली शंका आहे. ७७७ त्या क्षणी ज्या फाइली होत्या त्यांना लागलं, पुढच्यांना नाही. आणि एक्सेल सेव्ह करताना जुन्या फाइलीत लिहीत नाही. नवी तात्पुरती फाइल करतं, तिला जुनं नाव देतं आणि जुनी काढून टाकतं. म्हणजे दिसायला तीच फाइल, पण जन्म नवा आणि मालक सेव्ह करणारा. सांबाची नव्या फाइलींची, आपण काही न सांगता लागणारी, मर्यादा ०७४४: मालकाला सगळं, बाकीच्यांना नुसतं वाचन. मूळ मालक आता 'बाकीच्यांत' गेला.

ताई, आता दुरुस्ती. /होमवर एकच मोठी आज्ञा मारू नका, त्याच सवयीने हे झालंय. एकेका घरावर जा.

आधी मालकी. चाउन, 'एच' आणि कॅपिटल आर, नाव, त्यापुढे विसर्गासारखे दोन टिंब, मग घराचा पत्ता. टिंबांमुळे गटही त्याच माणसाचा लागतो. 'एच'मुळे शॉर्टकटसारख्या लिंका बाहेर कुठे बोट दाखवत असतील तर बाहेरची फाइल बदलत नाही. सुदैवाने ५०० ते ५१४ आणि १००० ते १०१४ एकमेकांत मिसळत नाहीत. मिसळत असते आणि तुम्ही आकड्यावरून फाइली बदलल्या असत्या, तर एकाचं दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे गेलं असतं. मी एकदा केलंय ते, त्यावर वेगळा धागा होईल.

मग परवानग्या. इथे एक खड्डा आहे. बरेच जण सांगतील की चमोडमध्ये कॅपिटल एक्स वापरा, तो फोल्डरांना 'आत शिरा' देतो आणि फाइलींना देत नाही. एरवी खरं आहे. पण ज्या फाइलीवर आधीच एक्स (चालवण्याची परवानगी) आहे तिच्यावर तो राहू देतो, आणि तुमच्या ७७७ ने प्रत्येक फाइलीवर, पगारपत्रकावरसुद्धा, एक्स चढलाय. त्यामुळे फाइंड (शोधणारी आज्ञा) वापरा: 'टाइप डी' म्हणजे फोल्डरांना ७००, 'टाइप एफ' म्हणजे फाइलींना ६००, वेगवेगळे. कोणाच्या स्क्रिप्ट असतील तर त्यांचा एक्स जाईल, तो जुन्या डिस्कवर बघून हाताने द्या. शेवटी /होम स्वतः रूटच्या (मुख्य खात्याच्या) मालकीचं, ७५५ (मालकाला सगळं, बाकीच्यांना वाचन आणि शिरकाव), आणि इथे कॅपिटल आर नाही. नाही म्हणजे नाही.

---

छप्पन_दुकान | १८ जानेवारी, दुपारी १२:१५

इंदूरहून हजेरी. आमच्याकडे सगळं विंडोज सर्व्हर, पण आजार तोच आहे. दुसऱ्या मशीनची डिस्क लावली की सिक्युरिटीच्या टॅबमध्ये नावाऐवजी एस-१-५-२१ पासून सुरू होणारी लांबलचक शेपटी दिसते. तोही आकडाच, फक्त अंगाने मोठा.

तिथे आणखी एक गंमत. शेअरच्या (नेटवर्कवरून वाटलेल्या फोल्डरच्या) परवानग्या वेगळ्या आणि एनटीएफएसच्या (डिस्कवरच्या) वेगळ्या, दोन्हींत जी कडक ती लागू. आमचा एक साथी तीन दिवस एनटीएफएसला फुल कंट्रोल देत बसला होता आणि शेअरवर नुसतं रीड होतं. मी म्हटलं, भिया, पोहे खा आणि दुसरा टॅब बघ.

होम फोल्डरांसाठी तिथे वरच्या फोल्डरावर लोकांना 'फक्त हाच फोल्डर' असं निवडून बघण्याचा आणि फोल्डर बनवण्याचा हक्क देतात, आणि क्रिएटर ओनरला पूर्ण हक्क 'फक्त आतले फोल्डर आणि फाइली' यांवर. म्हणजे जो बनवेल त्याचं घर त्याचं. आणि कोणाला गटात घातलं तर त्याला लॉगऑफ करून परत यायला सांगा. नाहीतर तो म्हणतो झालं नाही, आपण म्हणतो केलंय, आणि दोघंही खरे असतो.

माझं मत विचाराल तर या सगळ्याला ॲक्टिव्ह डिरेक्टरी (सगळ्या मशीनसाठी खात्यांची एकच मध्यवर्ती यादी) हाच इलाज.

---

टर्मिनलबुवा | १८ जानेवारी, दुपारी १२:४०

छप्पन, १४ माणसांच्या ऑफिसला डिरेक्टरी म्हणजे दोन खोल्यांच्या घराला दरवान. आकड्यांची एक यादी वहीत लिहून ठेवली तरी पुरते. ५० माणसं झाली की तुमचं ऐकू.

ताई, जेवायच्या आधी एक महत्त्वाचं, मला सकाळीच दिसायला हवं होतं. तुमचं खातं १००० आहे. रेंडरिंगच्या तीन मशीनवर जे पहिलं लोकल खातं असेल त्याचाही आकडा १००० असणार. एनएफएस साध्या मांडणीत नाव विचारत नाही, समोरच्या मशीनने सांगितलेला आकडा खरा मानतं. म्हणजे तुम्ही उद्या सगळं ७०० केलंत, तर पगारपत्रक विंडोजवाल्यांपासून लपेल, पण रेंडरिंगच्या मशीनवर बसणारा सर्व्हरच्या लेखी *तुम्हीच* असाल. तो नुसतं वाचणार नाही, पुसूही शकेल.

सुडोने तिथे काही झालं नाही तेही बरोबर आहे. समोरच्या मशीनच्या रूटला सर्व्हर मुद्दाम नोबडी (खास हक्क नसलेलं खातं) करून टाकतो. ती सोय बंद करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

---

सुरसागरकाठ | १८ जानेवारी, दुपारी १:०५

अगदी खरं. तिन्ही मशीनवर 'रेंडर' नावाचं खातं आहे आणि त्याचा आकडा १०००. हात गार पडले माझे. मग काय, तिन्हीकडे आकडा बदलू?

---

टर्मिनलबुवा | १८ जानेवारी, दुपारी १:२२

आधी हे सांगा, रेंडरिंगच्या मशीनना लोकांची घरं लागतातच कशाला? त्यांना प्रकल्पांच्या फाइली हव्यात, बास.

एनएफएसमधून /होम काढून टाका. /एसआरव्ही/काम असा सामाईक फोल्डर करा, 'काम' नावाचा गट करा, फोल्डरला तो गट आणि २७७० द्या. पुढचा २ असा की आत जे नवीन बनेल त्याला बनवणाऱ्याचा नाही, फोल्डरचा गट लागतो. सांबाच्या त्या शेअरवर फोर्स ग्रुप 'काम', फाइलींची मर्यादा ०६६०, फोल्डरांची २७७०. एनएफएसवर फक्त तोच द्या. तिन्ही मशीनवर 'रेंडर'चा आकडा बदलून १०२० करा आणि सर्व्हरवर त्याच आकड्याचं खातं काढा. यूजरमॉडला 'यू' लावून बदललं की त्याच्या होममधल्या फाइलींचा मालक आपोआप बदलतो, होमबाहेरच्या शोधाव्या लागतात. मात्र तेव्हा तो लॉगिन नको. गटाचा आकडाही चारही ठिकाणी एकच ठेवा.

एक सावधगिरी. जुन्या प्रकल्पांच्या फाइली तिथे नेताना 'एमव्ही' केलंत तर त्या जुना गट अंगावर घेऊनच जातील. नेल्यावर गट एकदा फिरवून घ्या.

होमच्या शेअरवर 'व्हॅलिड यूजर्स = टक्का एस' ही ओळ टाका, म्हणजे ज्याचं घर तोच शिरेल. मर्यादा ०६०० आणि ०७००. मग टेस्टपार्म चालवून बघा, तो सांबाच्या सेटिंगमधल्या टंकलेखनाच्या चुका पकडतो.

---

निवांत_पाटी | १८ जानेवारी, दुपारी ३:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). दोन पैसे माझे: ज्यांच्याकडे रॉकी किंवा आल्मा लिनक्स आहे त्यांनी हे सगळं करून वर सांबासाठी होम फोल्डरचा एसई-लिनक्सचा (परवानग्यांच्या वरचा आणखी एक पहारा) स्विच चालू करावा, नाहीतर परवानग्या शुद्ध असूनही दार उघडत नाही. उबुंटूवर तो प्रश्न नाही.

आणि ताई, पगारपत्रकाचं तुमच्या साहेबांना तुम्हीच सांगा. ट्रेनीच्या तोंडून कळण्याआधी.

---

जिवाजीगंज | १८ जानेवारी, दुपारी ३:४४

+१. मी याचसाठी बसलोय.

---

सुरसागरकाठ | १८ जानेवारी, रात्री ९:१५

झालं बहुतेक. १५ घरं, एकेक करून, वहीत टिका मारत. एसएसएच पहिल्या फटक्यात लागलं, इतकं बरं वाटलं. 'काम' फोल्डर तयार, तिन्ही मशीनवर रेंडर आता १०२०. दोन खात्यांनी लॉगिन करून एकमेकांच्या घरात शिरून बघितलं, हाकललं गेलं. सेवा चालू केल्या.

साहेबांना फोन केला. ते गच्चीवर होते, चिक्की खात. सगळं ऐकून म्हणाले, "त्यात माझा आकडा होता का?" म्हटलं नाही. "मग चालेल." ट्रेनीची वाढ मात्र आता रद्द करता येणार नाही म्हणाले.

---

सुरसागरकाठ | १९ जानेवारी, सकाळी १०:५०

बुवा, धावा!!! ड्रॉइंग उघडली की निम्म्या डिटेल गायब. ऑटोकॅड म्हणतंय संदर्भ (ड्रॉइंगला जोडलेली दुसरी फाइल) सापडत नाही. सात जणांचं काम थांबलंय, मागे उभे आहेत माझ्या.

---

अल्पमती | १९ जानेवारी, सकाळी १०:५८

ताई, संदर्भाचा जो पत्ता सापडत नाही म्हणतंय तो इथे लिहा ना. आणि काल सकाळी तुम्ही लिहिलं होतं ना, "एक नानांचं ७५५ सोडून"?

---

टर्मिनलबुवा | १९ जानेवारी, सकाळी ११:०६

अल्पमती, तुमचं नाव बदलून घ्या.

ताईंनी लिहिलं होतं आणि मी वाचलं नाही. एंटर मारला मीही. बाकी सगळ्यांची ७०० आणि एकाचंच ७५५, तेही निवृत्त माणसाचं, म्हणजे मुद्दाम कोणीतरी उघडं ठेवलेलं. मी सरसकट ७०० सांगून ते बंद केलं आणि वर व्हॅलिड यूजर्सची कडी लावली.

---

सुरसागरकाठ | १९ जानेवारी, सकाळी ११:२०

पत्ता नानांच्याच शेअरचा आहे. त्यांच्या घरात 'ब्लॉक्स' म्हणून फोल्डर: जिने, खिडक्या, गच्चीच्या पाणी अडवण्याच्या डिटेल, सगळ्या. गेल्या कित्येक वर्षांची सगळी ड्रॉइंग त्याच पत्त्यावरून उचलतात आणि हे कोणाला ठाऊकच नव्हतं. हे पत्ते शेकडो ड्रॉइंगमध्ये असतील, कसे बदलणार?

---

टर्मिनलबुवा | १९ जानेवारी, सकाळी ११:३१

बदलू नका. ब्लॉक्स /एसआरव्हीखाली न्या, आतली फोल्डरांची रचना जशीच्या तशी. गट 'काम', गटाला नुसतं वाचन. मग सांबाच्या फाइलीत वेगळा शेअर लिहा, नाव नानांच्या खात्याचंच, पत्ता नव्या जागेचा, 'रीड ओन्ली = येस'. सांबा आधी स्पष्ट लिहिलेले शेअर बघतं, त्यात नाव नाही मिळालं तरच त्या नावाच्या माणसाचं घर शोधतं. ड्रॉइंगना जुनाच पत्ता दिसेल. नानांचं खातं लॉक करून टाका.

---

सुरसागरकाठ | १९ जानेवारी, दुपारी १२:४५

उघडली. सगळी. मागे उभे होते ते चहाला गेले.

नानांना फोन केला, म्हटलं तुमचं घर रिकामं करतेय, काही ठेवायचंय का? ते म्हणाले ते ७५५ त्यांनीच करून घेतलं होतं, पेन ड्राइव्ह घेऊन लोक सारखे टेबलाशी यायचे म्हणून. आणि ब्लॉक्समध्ये 'जुने_नको' असं एक फोल्डर आहे ते पुसू नकोस म्हणाले, जिन्याची खरी डिटेल त्यातच आहे.

बघितलं. आहे. त्यातली शेवटची फाइल आमच्याच एका ड्राफ्ट्समनने १६ तारखेला उघडून सेव्ह केली होती, दुरुस्तीआधीच्या यादीत तिचा मालक १००९ होता. जुन्या डिस्कवरून मूळची परत आणली.